विरजण

आण्णासो खोत रोज सकाळी पावणेआठला दुकानात यायचे, चपला बाहेर काढायचे आणि आत पाऊल टाकण्याआधी शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडायचे. प्रणाली मगदूम त्यांच्या मनगटाला कडं बांधायची, दोन बोटं आत सरकवून ते फार आवळलेलं नाही ना हे बघायची आणि मग ठरलेले प्रश्न विचारायची. झोप झाली का, गोळी घेतली का, पोट साफ आहे का, आणि मुख्य म्हणजे तिखट काही खाल्लं का. या शेवटच्या प्रश्नाला आण्णा दरवेळी खोटं बोलायचे. मार्चमध्ये एकदा त्यांनी येता येता मिसळ हाणली होती, तर दहा किलोमीटरवरच्या फौंड्रीत चाळीस माणसांच्या नाड्या एकदम वाढल्या होत्या. तेव्हापासून प्रणालीचा त्यांच्या जिभेवर काडीचा विश्वास नव्हता.

मग आण्णा मागच्या खोलीत कूलरसमोर जाऊन बसायचे. बसायचे म्हणजे नुसतं बसायचं नव्हतं. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं होतं. दर वीस मिनिटांनी पाण्याचा पाच लिटरचा कॅन बारा वेळा उचलायचा, तासातून एकदा खोलीत दहा फेऱ्या मारायच्या, आणि दुपारी जेवणानंतर काही झालं तरी डुलकी काढायची नाही. ओतकाम करणाऱ्या माणसाचं शरीर हलतं तेवढं हललं पाहिजे, पण तापता कामा नये. चार वाजता कडं उतरलं की आण्णा मोकळे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्याच फौंड्रीत लोखंडाचा रस साच्यांत ओतला होता. आता त्याच फौंड्रीसाठी थंड बसायचं काम मिळालं, याचं त्यांचं त्यांनाच हसू यायचं. आजूबाजूचे दुकानदार त्यांना विरजण म्हणायचे, कारण त्या एका चमच्यावर चाळीस भांडी दही लागत होतं.

हे दुकान कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका बुडालेल्या मॉलच्या तळघरात होतं. वरचे तीन मजले कबुतरांना सोडून दिलेले, पण तळघरात पाऊल ठेवायला जागा नसायची. खोक्यासकट हुबेहूब नकली फोन, बिलाशिवाय आलेले अस्सल फोन, चोरीचे, दुरुस्तीचे, जुन्या यंत्रांतून उपटलेले सुटे भाग, असं सगळं तिथं एकाच काउंटरवर मिळायचं आणि त्यातलं काय कुठलं हे विचारायची पद्धत नव्हती. प्रणालीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. नोकरी काही मिळाली नाही. पंधरा वर्षं ती याच तळघरात बसून दुसऱ्यांच्या यंत्रांची कुलपं उघडत होती आणि आपला हात या बाजारात सगळ्यांत चांगला आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या सगळ्या दुःखाचं मूळ बहुधा तिथंच होतं.

कड्यांचा कायदा तीन वर्षांपूर्वी आला. लागोपाठ दोन उन्हाळ्यांत भट्ट्यांवर, रस्त्यांवर, बांधकामांवर माणसं पटापट गेली, तेव्हा सरकारला जाग आली आणि उष्ण जागी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात उष्मारक्षक कडं आलं. कड्याच्या आतल्या बाजूला तांदळाएवढा संवेदक असायचा. तो त्वचेची ऊब, नाडी आणि घामातलं मीठ मोजून शरीर आतून किती तापलंय याचा हिशोब मांडायचा. आतलं तापमान साडेअडतीस अंशांवर गेलं की कडं पिवळं व्हायचं. एकोणचाळीसवर लाल. लाल झालं की त्या माणसाची हजेरी तिथंच थांबायची आणि त्याला गार खोलीत जाऊन बसावं लागायचं. कायदा चांगला होता, हे कुणीही मान्य करावं. करणाऱ्यांनी तो माणसं वाचवण्यासाठीच केला होता.

पण कायद्यात एक पोटकलम होतं. महिन्यात तीनदा लाल होणारा कामगार त्या हंगामापुरता ‘उष्मा-अपात्र’ ठरायचा. त्याला भट्टीपासून दूर, सावलीतलं काम द्यावं अशी मूळ कल्पना होती. सावलीतली कामं होती चार आणि भट्टीवर माणसं चाळीस. मग ठेकेदार अपात्र माणसाला सरळ घरी पाठवायचे आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांतला दुसरा आत घ्यायचे. कोल्हापूरचा मे महिना आता चव्वेचाळीस अंशांचा झाला होता आणि शेडमध्ये त्याहून आठ-दहा अंश जास्त. तीनदा लाल व्हायला महिना कशाला, दोन दिवस पुरायचे. कामगार कड्याला घाबरू लागले. उन्हाला नव्हे, कड्याला. आणि माणूस ज्याला घाबरतो त्याची नक्कल बाजारात यायला वेळ लागत नाही.

पहिली नकली कडी सदानकदा छत्तीस पॉइंट नऊ दाखवायची. कड्यांवर नजर ठेवणाऱ्या उष्णता मंडळाच्या संगणकानं ती आठवड्यात पकडली, कारण जिवंत माणूस इतका स्थिर नसतो. मग कुणीतरी एका दिवसाची नोंद भरून तीच पुन्हा पुन्हा फिरवली, तीही पकडली गेली. सगळं तळघर हात टेकून बसलं असताना प्रणालीच्या डोक्यात आलं की माणसाची नक्कल करायची तर माणूसच पाहिजे. एक खरं शरीर थंड खोलीत बसवायचं, त्याच्या नाडीचे ठोके एका पेटीत घ्यायचे आणि पेटीतून चाळीस कड्यांना वाटायचे. प्रत्येकाला थोडे वेगळे. एकाला चार ठोके जास्त, दुसऱ्याला तीन मिनिटं उशिरा, तिसऱ्याचं तापमान पॉइंट दोननं वर. तिनं ते करून दाखवलं आणि आठ महिने मंडळाच्या संगणकाला संशयसुद्धा आला नाही.

यात तिनं दोन गोष्टी केल्या होत्या, त्या इथं सांगायला हव्यात. कामगाराचं कडं उघडलं की आतला संवेदक ती काढून घ्यायची. तळघरात काही वाया घालवायची रीतच नव्हती आणि अस्सल संवेदकाला घड्याळवाल्यांकडून कायम मागणी असायची. तो आत ठेवला असता तर मंडळाला खोटा आकडा आणि घालणाऱ्याला मात्र खरा इशारा देता आला असता, निदान कडं मनगटावर थरथरलं असतं. हे तिला सुचलं होतं. पण ग्राहकांपैकी कुणी ते मागितलं नाही आणि तिनं ते केलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अस्सल कड्याची नाडी घरच्यांच्या फोनवर दिसायची सोय होती. ती बंद पडली तर बायकांना कळेल, असं कामगार म्हणाले. म्हणून तिनं ती चालू ठेवली. चाळीस घरांतल्या बायका चुलीपाशी फोन टेकवून दिवसभर आण्णासो खोतांची नाडी बघत होत्या.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी दोनला दहा कमी असताना रणजित वरुटेचा फोन आला. हा फौंड्रीतल्या तिच्या ग्राहकांचा पुढारी. कडी गोळा करून आणणारा आणि परत नेणारा तोच. त्याचा आवाज इतका बारीक होता की प्रणालीला आधी वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय.

“ताई, संग्राम गेला. आमचा संग्राम. वाळूच्या ढिगामागं पडलाय. कवापासनं पडलाय कुणाला म्हाईत न्हाई. अंग तव्यागत तापलंय. आन् ह्येचं कडं अजून हिरवं हाय, ताई. सायब यायलाय हिकडं. काय तरी करा.”

संग्राम वरुटे, रणजितचा चुलतभाऊ, वय चौतीस, कडं क्रमांक सतरा. प्रणालीनं पडद्याकडे पाहिलं. सतराव्या ओळीत नाडी शहात्तर होती, तापमान छत्तीस पॉइंट आठ. मागच्या खोलीत आण्णा वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि त्यांचं हृदय एका मेलेल्या माणसाच्या मनगटावर ठोके देत होतं.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. आहे तसं सोडून द्यायचं, म्हणजे साहेब येऊन हिरवं कडं बघेल, कडं उघडलं जाईल, मग बाकीची एकोणचाळीस उघडली जातील. किंवा कड्यावरसुद्धा संग्रामला मारायचं. तिनं एकोणचाळीस घरांचा विचार केला. स्वतःचा केला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. नाडी एकदम शून्यावर आणली तर संगणक पकडेल, हे तिला माहीत होतं. मरणही खरं दिसायला हवं होतं. तिनं पेटीची राखीव कळ दाबली. त्या कळेनं मागच्या दहा मिनिटांची नोंद पंधरा मिनिटांपुरती पुन्हा वाटता यायची, कधी आण्णांना मोरीत जावं लागलं तर उपयोगी पडावी म्हणून ती ठेवलेली होती. एकोणचाळीस कडी तिनं त्या नोंदीवर टाकली. सतरावं तेवढं आण्णांशी जोडलेलं ठेवलं आणि मागच्या खोलीत गेली.

“आण्णा, कड्याचा पट्टा सैल करा. हळूहळू. एकेक भोक.”

आण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “कुणाचं?”

“सतरा नंबर.”

आण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. वरुट्यांचा संग्राम त्यांच्याच हाताखाली भट्टीवर लागला होता. रस ओतताना पाय कुठं ठेवायचे, हे त्याला त्यांनीच दाखवलं होतं. त्यांनी पट्टा एक भोक सैल केला, थांबले, मग दुसरं. बाहेर पडद्यावर सतरावी ओळ आधी अडखळली, मग पुसट झाली. आठव्या मिनिटाला आण्णांनी कडं मनगटावरून काढून मांडीवर ठेवलं. दोन वाजून चार मिनिटांनी संग्राम वरुटे सरकारी नोंदीत मेला, आणि मरताना त्याच्या शरीराचं तापमान अगदी व्यवस्थित होतं.

पुढचं सगळं त्या नोंदीवरून ठरलं. कड्याची नोंद उपलब्ध असेल तर शवविच्छेदन न करण्याची सोय नव्या नियमांत होती. मृत्यू हृदयविकारानं, उष्णतेचा संबंध नाही. आजार कंपनीपासून लपवला असल्यास जबाबदारी कामगाराची. शेड एक तास बंद होती, मग सुरू झाली. प्रणालीनं त्या दिवसापासून जेवण सोडल्यासारखंच केलं, पण दुकान सोडलं नाही. आण्णाही रोज येत राहिले.

दहा दिवसांनी, शुक्रवारी, सानिका वरुटे तळघरात आली. संग्रामची बायको. रणजितनं कबूल करून तिला पत्ता दिला होता. तिनं भांडण काढलं नाही, रडलीही नाही. स्टुलावर बसून तिनं शांतपणे सांगितलं की ती सरकारी दवाखान्यात आया आहे, आठ वर्षं मेलेल्या माणसांना कपडे घालते आहे. तीन वाजता संग्रामला आणलं तेव्हा शर्ट घालायला त्याचा हात वाकला नाही. जबडा धरलेला होता. दोन वाजता गेलेला माणूस तीन वाजता असा लाकूड होत नाही. मग तिनं फोन काढला आणि त्या दिवशीची संग्रामची नाडी दाखवली. सकाळी अकराला, साडेअकराला, बाराला, एकला. ती त्या वेळी वॉर्डात होती आणि मधून मधून फोन बघून निवांत होत होती. महिनोन् महिने तिला एक कोडं पडायचं, की हा माणूस जेवल्यावर इतका गार कसा पडतो. डुलक्या काढता का कामावर, असं तिनं त्याला विचारलंही होतं. तो नुसता हसला होता.

“कुणाची हाय ही?” तिनं विचारलं.

मागच्या खोलीच्या दारात आण्णा येऊन उभे राहिले होते, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटावर कडं. सानिकानं त्यांच्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती बराच वेळ त्या मनगटाकडे बघत राहिली. त्या मनगटाचा राग करावा की त्याला हात लावावा, हे तिला ठरवता येत नव्हतं, असं प्रणालीला वाटलं.

तिचं मागणं एवढंच होतं की प्रणालीनं लिहून द्यावं. आकडे खोटे होते, कडं नकली होतं, माणूस उष्णतेनं मेला. सासू म्हणत होती की पोरात आधीपासूनच काहीतरी होतं आणि सुनेनं ते लपवलं. शाळेच्या आरोग्यनोंदीत तिच्या मुलीच्या नावापुढे ‘वडील हृदयविकार’ असं आपोआप चढलं होतं, आणि ते आता तिच्यामागे जन्मभर फिरणार होतं.

“ते चांगले हुते, ताई,” सानिका म्हणाली. “त्यांच्या काळजात खोट हुती, असं कागद म्हणायलाय. तेवढं खोडून द्या.”

प्रणालीनं सोमवारपर्यंतची मुदत मागितली. सानिका उठली आणि सोमवारी रजा काढून येते म्हणाली.

त्याच संध्याकाळी रणजित चौघांना घेऊन आला. प्रणालीनं काही लिहून दिलं तर पहिली धाड तिच्यावर पडेल आणि दुसरी एकोणचाळीस जणांवर, हे त्यानं तिला समजावलं. नकली कडं सापडलं की जन्मभराची बंदी. तो स्वतः संग्रामला खांदा देऊन आला होता आणि बोलताना त्याची मान वर होत नव्हती, पण घरात पाच माणसं खाणारी होती. जाता जाता त्यानं फोनवर आलेलं एक परिपत्रक दाखवलं, कारण त्यातलं त्याला सगळं नीट लागलं नव्हतं.

प्रणालीनं ते मोठ्यानं वाचलं. उष्णता मंडळानं राज्यातल्या भट्ट्यांचा अभ्यास केला होता. एका शेडमध्ये हवा त्रेपन्न अंशांवर असूनही आठ महिन्यांत एकाही कामगाराचं तापमान सदतीस पॉइंट दोनच्या वर गेलेलं नव्हतं. स्थानिक कामगारांचं शरीर उष्णतेला सरावलेलं असल्याचं यातून सिद्ध होत होतं. म्हणून एक जूनपासून या शेडमध्ये तासाऐवजी दर दोन तासांनी विश्रांती मिळेल, छतावरचे पंखे वीजबचतीसाठी बंद राहतील, आणि हेच नियम पावसाळ्यानंतर सगळ्या राज्यात लागू करण्याचा विचार आहे.

प्रणाली मनातल्या मनात हिशोब करत होती. राज्यात भट्ट्या किती, रस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर माणसं किती. कूलरसमोर बसलेल्या एका म्हाताऱ्याचं अंग त्या सगळ्यांचं माप ठरणार होतं. आपण किती चांगलं काम केलंय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं समजलं. आण्णांनी रणजितच्या हातून फोन घेतला, चष्मा पुसला आणि ते परिपत्रक पुन्हा एकदा स्वतः वाचलं. मग फोन परत दिला आणि चार कधीच वाजून गेलेत म्हणून घरी निघाले. कडं उतरवायचं त्या गडबडीत राहून गेलं, असं प्रणालीला वाटलं. शनिवार-रविवार शेड बंद असते, म्हणून तिनं मागं माणूस धाडला नाही.

सोमवारी पावणेआठला आण्णा आले नाहीत. आठ वाजले, सव्वाआठ झाले. शेड सुरू झालेली. आण्णांचा फोन घरीच वाजत होता, सुनेनं उचलला आणि ते कधीच निघाल्याचं सांगितलं. नव्या कपड्यांत, नातीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन. पेटीवर मात्र सगळं ठीक होतं. नाडी ब्याण्णव, तापमान सदतीस. म्हणजे कडं हातात आहे, माणूस जिवंत आहे, कुठेतरी चालतो आहे. प्रणाली बुचकळ्यात पडली. सानिका ठरल्याप्रमाणे आली, तेव्हा नऊ वाजले होते आणि पडद्यावर सदतीस पॉइंट सहा दिसत होतं.

प्रणालीला उलगडा व्हायला आणखी दहा मिनिटं लागली. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे कुठल्याही फाटकावर कुणी अडवत नाही. त्यातून अठ्ठावीस वर्षं तिथं काढलेला माणूस. तो सरळ आत गेला असणार, सुपरवायझरला पत्रिका दिली असणार, जुन्या सोबत्यांना भेटतो म्हणून भट्टीकडे गेला असणार. आणि तिथंच थांबला होता. सदतीस पॉइंट नऊ. नाडी एकशे अठरा. एकोणचाळीस ओळी, प्रत्येक ओळ थोडी वेगळी, थोडी मागेपुढे, जशी तिनं शिकवली होती तशी, एकत्र वर चढत होत्या.

सानिकाला आकडे वाचायला शिकवावं लागलं नाही. “म्हातारं मरंल,” ती म्हणाली. “काढा त्यास्नी बाहेर.”

प्रणालीचा हात राखीव कळेवर गेला. कळ दाबली की एकोणचाळीस कडी तिथल्या तिथं थांबतील, लाल होणार नाहीत. बातमी कुठं जाणार नाही, आणि आण्णा भट्टीपाशी उभे आहेत हेही कुणाला कळणार नाही. न दाबली तर दहापेक्षा जास्त कडी एकाच वेळी लाल झाल्यावर भट्टी आपोआप थांबते आणि मंडळाचा निरीक्षक निघतो. तिनं बोट उचललं. रणजितला फोन लावला, त्यानं घेतला नाही. तासभर लावत राहिली. अडतीस पॉइंट सात. पडदा ओळीओळीनं पिवळा होत गेला. सानिका तिच्या खांद्याशी उभी होती आणि तिचा श्वास प्रणालीला ऐकू येत होता. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिली ओळ लाल झाली, आणि चार मिनिटांत सगळ्या.

फोन आता रणजितचाच आला. मागे भट्टीचा आवाज होता, म्हणजे ती थांबलेली नव्हती.

“ताई, सगळी लाल झाल्यात. संगणक इचारायलाय, कड्यात बिघाड हाय काय म्हणून. इतकी माणसं एकदम कशी तापतील, असं सायब म्हणतोय. दहा मिण्टात उत्तर द्यायचंय त्याला, न्हाईतर भट्टी आपोआप बंद पडती. तो बिघाडच दाबणार. तुम्ही आम्हास्नी थंड करा लगोलग, म्हणजे बिघाड हुता असंच हुईल.”

“आण्णा कुठं आहेत?”

“आण्णा? भट्टीच्या अंगाला बसल्यात खाली. भेटाय आलते. उठा म्हटलं तर उठंनात.”

“उचल त्यांना. आधी त्यांना बाहेर काढ, पाणी ओत अंगावर. कडं मी थंड करणार नाही, रणजित.”

तो कुणालातरी हाका मारत असल्याचं, धावपळ झाल्याचं ऐकू आलं. परत फोनवर आला तेव्हा धापा टाकत होता. आण्णांना दोघांनी उचलून फाटकापाशी नेलं होतं, ते शुद्धीवर होते, पाणी मागत होते. पण भट्टी चालूच होती. सुपरवायझरला बिघाडाची खूण करण्याआधी एका तरी माणसाची तपासणी लिहायची होती, नियमच होता तसा. त्यानं प्रथमोपचाराच्या पेटीतून साधा ताप मोजायचा थर्मामीटर आणला होता आणि जवळ उभा होता म्हणून रणजितलाच पुढे बोलावत होता. रणजितनं फोन चालू ठेवून खिशात टाकला. सानिका आणि प्रणाली दोघींनी पलीकडचं काही कळतंय का म्हणून कान दिले. भट्टीचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, मग सुपरवायझरचा आवाज. त्यानं आकडा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा सूर उतरला होता.

रणजित पुन्हा बोलू लागला तेव्हा त्याला नीट शब्द सापडत नव्हते.

“ताई, एकशेतीन म्हणतोय. एकशेतीन पॉइंट चार.” तो थांबला. “ह्यो आकडा कुणाचा हाय?”

“तुझा.”

“आण्णांचा न्हवं?”

“नाही. त्या थर्मामीटरमध्ये मी काही केलेलं नाही. तुझाच आहे तो.”

“पर मला तर काय बी हुईत न्हाई,” तो म्हणाला. “मी उभा हाय की. सकाळधरनं काम करायलोय.”

प्रणाली काही बोलणार तेवढ्यात सानिकानं तिच्या हातातून फोन घेतला.

“भावजी,” ती म्हणाली, “त्यास्नीबी काय हुईत नव्हतं.”

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज झाला, कुणीतरी खाली बसल्यासारखं वाटलं, आणि लांबून रणजित एकेकाला नावानं हाका मारू लागला. शिवाजी, बाहेर चल. मुबारक, टाक ते खाली. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच उष्णतेची भीती होती.

प्रणालीनं पडद्याकडे पाहिलं. आण्णा आता सावलीत होते, त्यांच्या अंगावर पाणी पडत होतं, त्यामुळे ओळी एकेक करत लालच्या पिवळ्या होत होत्या. थोड्या वेळात त्या हिरव्या होणार होत्या, सगळ्यांच्या. आणि सुपरवायझरच्या पडद्यावरचा प्रश्न अजून तसाच असणार होता, दहातली तीन-चार मिनिटं उरलेली. रणजितला वगळलं तर शेडमध्ये अडतीस माणसं होती. आठ महिन्यांत त्यांच्यापैकी एकाचंही अंग कुणी मोजलेलं नव्हतं. त्यांतलं कोण या क्षणी रसाची बादली उचलायला खाली वाकलं होतं, आणि पुन्हा सरळ उभं राहण्याइतकं त्याच्यात काही शिल्लक होतं की नाही, हे आता कुणाला विचारायचं?